मधली भाषा

बाबा अरबीतून वाचायचे
आणि बोलायचे आमच्या बोलीत,
ज्या बोलीत आई कोंबड्या हाकलते,
मी मीठ मागते,
ताहो नदीवरच्या परटिणी एकमेकींचा उद्धार करतात.
ते ऐकून समोरचा पाद्री, थिओबाल्ड,
लॅटिनमध्ये लिहायचा.

तोलेदोतल्या आमच्या माडीवर
असे तीन हिवाळे गेले.
वात सारायचं काम माझं.
तेलाचा हिशेबही माझाच.

मूळ ग्रंथ एका यवनाचा, म्हणे.
हजार वर्षांपूर्वी समुद्राकाठी बसून
त्याने आकाश मोजलं,
तिन्हीसांजेला परतलेली मेंढरं मोजावीत तसं.
एक हजार बावीस तारे.
त्याचे आकडे म्हणजे अक्षरंच होती.
ती अक्षरं एका लिपीतून दुसरीत गेली, दुसरीतून तिसरीत.
वाटेत कुणाला डुलकी लागली,
कुणाच्या थकल्या डोळ्यांना
एक टिंब दिसलं नाही,
आणि एक तारा चार बोटं सरकला.
बाबा म्हणायचे,
त्याला काही लागलं नसेल.

थिओबाल्ड इथे आला तो अरबी शिकायला.
तीन वर्षांत त्याला आले
कांदा, मासा, आणि देवाची मर्जी.

एका संध्याकाळी दोघेही अडले.
महाकाय शिकाऱ्याच्या उजव्या खांद्यावरचा तारा.
यवनाने त्याचा रंग लिहिला होता,
पण तो शब्द आमच्या माडीवर पोचेपर्यंत
हातोहाती विटून गेला होता.
लाल नाही, बाबा म्हणाले. लालाच्या अलीकडचा.
अलीकडचा म्हणजे? वीट? गंज? कोल्हा?
थिओबाल्डने बोरू खाली ठेवला.
दोन दिवस तो तसाच खाली.
शाई सुकली. भांडण मात्र ओलंच.

तिसऱ्या दिवशी आई वर आली
हातात पळी, पळीत बिहीचा मुरंबा.
बिही चुलीवर चढते तेव्हा पिवळी असते.
दुपारभर ढवळत राहावं लागतं,
मग कधीतरी, आपण जरा दुसरीकडे बघतो तेव्हा,
ती रंग बदलते.
असा? आईने विचारलं.
बाबा उठले. तीन वर्षांत पहिल्यांदा
त्यांनी खिडकी उघडून वर पाहिलं.
बराच वेळ.
गार वाऱ्याने दिवा गेला, मला तेल आठवलं,
पण मी बोलले नाही.

असाच, म्हणाले.

थिओबाल्डने एक शब्द लिहिला.
कोरडा, शुद्ध, विभक्तीसकट.
त्यात बिही नाही,
आईचा भाजलेला अंगठा नाही,
बाबांनी तो रंग ज्या शब्दात सांगितला
तो शब्दही नाही.
आमची बोली त्या खोलीत रोज यायची,
दोघांच्या मध्ये बसायची,
आणि रात्री झाडलोट करताना
मला तिचा कणही सापडायचा नाही.

शेवटच्या पानावर त्याने लिहिलं :
मी, पापी थिओबाल्डने, हे भाषांतर केलं.
बाबांनी वाचलं. मान हलवली.
सुलैमान बिन वेलीद हे नाव
लॅटिनमध्ये कसं लिहितात,
ते कुणी कुणाला विचारलं नाही.

वसंतात तो खेचरावर गाठोडं लादून निघाला.
बाबा म्हणाले, दोरी आवळ, डोंगरात पाऊस असेल.
आमच्याच बोलीत म्हणाले.
आणि त्याला कळलं.
खोकरत उत्तर दिलं त्याने, आमच्याच बोलीत,
आईसारखा हेल काढून.
एवढं मात्र तो शिकला होता.

मी कुणालाच सांगितलेलं नाही :
त्या पानावर, खांद्याच्या जरा खाली,
पळीतून एक थेंब पडला होता.
मी तो करंगळीने उचलला, चाटला.
डाग राहिला.

त्याची नक्कल होईल. नकलेची नक्कल.
कुठल्यातरी थंड गावात
कुणीतरी तो ठिपका इमानाने उतरवेल,
त्याचे अंश शोधेल, कला शोधेल,
रात्री घोंगडं पांघरून बाहेर उभा राहील
मान दुखेपर्यंत.